पाचव्या माळेचा धूर

साखर कारखान्याचा हंगाम सुरू करायचा म्हणजे आधी बॉयलर पेटवायचा, आणि बॉयलर पेटवायचा म्हणजे आधी कीर्तन. पळसदरा शेतकरी सहकारी कारखान्यात हा रिवाज सव्वीस हंगाम चालला. एखाद्या सभासद जोडप्याच्या हातून पूजा व्हायची, कीर्तन व्हायचं, आणि हेरंबाच्या आरतीनंतर महाराज स्वतः पलिता घेऊन भट्टीच्या तोंडाशी जायचे. पत्रिकेवर 'अग्निप्रदीपन समारंभ' असं छापलेलं असायचं. महाराजांच्या उजव्या हाताला उभं राहून, पलिता नेमका कुठं टेकवायचा ते हळूच दाखवणारा माणूस म्हणजे बॉयलर अटेंडंट शहादेव. सव्वीस वर्षांच्या सगळ्या फोटोंत तो आहे, पण अर्धाच. कोपर आणि खांदा.

मग लागोपाठ तीन वर्षं पाऊस रुसला. विहिरी तळाला गेल्या, ऊस गेला, आणि गाळायला ऊस नाही म्हटल्यावर कारखान्याला कुलूप लागलं. शहादेवकडे बॉयलर चालवायचा सरकारी परवाना होता, पण आसपास चालता बॉयलर नव्हता. परवाना पत्र्याच्या पेटीत ठेवून तो बायकोबरोबर, छबुबाईबरोबर, ऊसतोडीला जाऊ लागला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी तोडीची मोजणी. सुग्रीव मुकादमाच्या टोळीत अकरा हंगाम त्यांचा कोयता होता. दसरा झाला की ट्रकमध्ये बसायचं, उन्हं तापली की परत यायचं. परक्या मुलखातल्या कारखान्यांची धुराडी त्याला फडातून दिसत. धुराच्या रंगावरून तो सांगायचा, "हवा कमी पडायली बघ त्येंला." छबुबाई म्हणायची, "पडू द्या. मोळी उचला."

बाराव्या वर्षी माळावर अणुभट्टी आली.

ती मोठी नव्हती. पाटोद्याच्या बाजाराच्या पटांगणात मावेल एवढीच. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरा लहान असे काळे गोळे तिच्या पोटात, प्रत्येक गोळ्यात खसखशीएवढे इंधनाचे दाणे. गोळे तापतात, त्यांच्यातून फिरणारा हेलियम वायू तापतो, त्या वायूनं पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ पांढऱ्या पत्र्यात गुंडाळलेल्या नळातून दीड किलोमीटर खाली कारखान्यात येते. वाफेचं काम झालं की तिचं पाणी दुसऱ्या नळानं परत वर जातं. दुष्काळी मुलखात हे पाणी परत जाणंच लोकांना सगळ्यात जास्त पटलं. कारखान्याच्या सभेत ठराव झाला, की इथून पुढं ऊस लावायचा नाही, साखर करायची नाही. जिथं उसाच्या मोळ्या पडायच्या तिथं कांदा, मेथी, शेवगा वाळवायचा, तुरीची डाळ करायची, दुधाची भुकटी करायची. साखर कारखान्यानं ऊस लावायचा नाही असा ठराव केला, यावर पाच गावांत बरेच दिवस हसू चाललं. पण हात वर केले होते सगळ्यांनीच.

वाफेच्या बाजूला शहादेवला पुन्हा अटेंडंट म्हणून घेतलं. छबुबाईचं नाव वाळवणीच्या शेडच्या पहिल्या पाळीत लागलं. तशी दीडशे नावं लागली होती, आणि त्यातली बहुतेक सुग्रीवच्या टोळीतली.

अट एकच होती. नवरात्रात सलग बहात्तर तास वाफ चालवून दाखवायची. मुंबईहून आलेल्या तपासणी अधिकारी बाईंनी सही केली, की दसऱ्यापासून शेड चालू. सही नाही झाली तर दसऱ्यानंतर ट्रक.

तिसऱ्या माळेला सुग्रीव शहादेवच्या दारात येऊन बसला.

"बे शहादेव, नाव लिहू का नको लिहू?"

"नको लिहू."

"समदा गाव तेच म्हणायलाय. आन् सई नाही झाली तर समदे एकदम माझ्या दारात. मी काय पन्नास कोयते खिशात घेऊन फिरू?"

"व्हईल सई."

"तुझ्या तोंडात साखर पडो. तुमच्याकडं तर आता तीबी न्हाई." सुग्रीव चहा पिऊन उठला. "दसऱ्यापोहोत थांबतो. त्याच्यापुढं न्हाई."

*

आता अणुभट्टी म्हटल्यावर लोकांना भ्या होतंच. सरकारी माणसांनी येऊन रंगीत तालीम घेतली होती: भोंगा झाला की दारं लावा, तोंडाला ओलं फडकं धरा, शाळेत जमा. लोकांनी ऐकलं आणि विसरले. तेव्हा चेअरमन अर्जुनरावांनी पंडित महाराजांना गळ घातली.

पंडित महाराज नारायणगडाच्या जत्रेत उभे राहिले तर मागचा माणूस पुढं सरकतो, असे कीर्तनकार. अंगानं किरकोळ, पण वीणा गळ्यात आली की माणूस दुप्पट दिसतो. त्यांनी पाच गावांत पाच दिवस, दिवस मावळायच्या आत, पाच कीर्तनं केली. नमन झालं, टाळकरी सरसावले, मृदंगावर थाप पडली, आणि महाराज चुलीवर आले.

"माय, तुझी चूल धूर कावून करती? लाकूड ओलं म्हणून. अर्धं जळतंय, अर्धं कुढतंय, म्हणून धूर. आपलीबी भक्ती तशीच. अर्धी देवात, अर्धी शेजारणीच्या लुगड्यात, मग डोळ्यांत पाणी येणारच." बाया हसायच्या. "ही माळावरली भट्टी काही जाळीतच न्हाई. न जाळता तापती. तिला धूर न्हाई, राख न्हाई. जिथं धूर न्हाई, तिथं भ्यायचं काम न्हाई. नाम असं घ्यावं, बिनधुराचं."

टाळ चढायचे. म्हातारी माणसं डुलायची. मुंबईच्या बाईही एका कीर्तनाला मागे सतरंजीवर बसल्या होत्या, आणि शेवटी त्यांनी काल्याचा प्रसाद मागून घेतला असं सांगतात. पाचव्या कीर्तनानंतर पाच गावांत भट्टीचं नावच 'बिनधुराची' पडलं. सरकारी तालमीनं जे झालं नव्हतं ते झालं.

*

पाचव्या माळेला सकाळी वाफ सोडायची होती. आदल्या दिवशी अर्जुनराव वाफेकडच्या इंजिनियरला, उत्तरेश्वरला म्हणाले, "अग्निप्रदीपन करावं लागंल."

उत्तरेश्वर तलवाड्याचा. पुण्यात शिकून परदेशात चार वर्षं काढून आलेला, पण अर्जुनरावांना काका म्हणणारा. "काका, इथं अग्नीच नाही. पेटवायचं काय?"

"जुना बॉयलर हाय ना उभा."

"तो अकरा वर्षं रिकामा आहे. त्यात पाणी नाही, त्याचा परवाना नाही. त्याच्यात काडी ओढायची नाही असा नियम आहे."

"अरे, सभासद पुसतेत मला. महाराज येणार, अन् महाराजांनी काय, बटन दाबायचं?"

बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं, की जुन्या भट्टीच्या तोंडात तुपाचा एक दिवा लावायचा. एकच. नमस्कार करायचा, नारळ वाढवायचा आणि दिवा बाहेर काढायचा. व्यवस्था शहादेवकडे.

शहादेवनं भट्टी झाडली, पुसली. जाळीला गेरू लावला. आणि घरून एक गोणी आणली. कारखाना बंद झाला त्या शेवटच्या दिवसाचा बगॅस होता तो, रस काढून राहिलेला उसाचा चोथा. सव्वीस वर्षं ह्याच चोथ्यावर बॉयलर चालला होता. माळ्यावर ठेवलेल्या ह्या गोणीपायी छबुबाईनं त्याच्याशी अकरा वर्षं भांडण घातलं होतं. एवढ्याशा दिव्यानं कसलं अग्निप्रदीपन, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं दोन पाट्या चोथा जाळीवर पसरला आणि त्याच्या मधोमध दिवा मांडला. कुणाला सांगितलं नाही. विचारलंही नाही.

पूजा झाली, कीर्तन झालं. महाराजांनी दिवा लावला, सगळ्यांनी हात जोडले. दिव्याची वात कलली आणि चोथ्यानं पेट घेतला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुनी माणसं तर डोळे पुसू लागली. पण अकरा वर्षांचा चोथा आतून सर्दला होता. तो भडकला नाही, धुमसला. पांढरा, जाड धूर भट्टीच्या तोंडातून उलटा बॉयलरघरात आला. महाराजांना ठसका लागला, अर्जुनरावांच्या फेट्याचं टोक काजळलं, बाया पदर तोंडाला लावून दाराकडे सरकल्या.

इथं शहादेवच्या हातानं काम केलं. धूर उलटा आला की अटेंडंट विचार करत नाही. धुराड्याच्या वाटेवरची झडप उघडतो. तिची साखळी भिंतीला होती. त्यानं ती वीतभर ओढली, अडली, तेव्हा लोंबकळून ओढली. अकरा वर्षं बसलेली झडप उघडली, दीडशे फूट उंच धुराड्यानं श्वास घेतला, आणि बॉयलरघर क्षणात स्वच्छ झालं. आतली सगळी जुनी काजळी घेऊन धूर वर गेला.

"याला म्हणतेत बॉयलरवाला," अर्जुनराव फेटा झटकत म्हणाले.

*

बाहेर पाच गावांनी पाहिलं, की बिनधुराच्या भट्टीकडून काळा धूर निघाला.

पळसदरा गावातून धुराडं कुठलं आणि अणुभट्टी कुठली हे कळायला माळावर चढावं लागतं. खालून दोन्ही एका रेषेत येतात. दरावस्तीवरच्या कडूबाईनं आधी पाहिलं. ती शेरडं घेऊन निघाली होती. तिनं मारुतीच्या देवळातली घंटा धरली ती सोडलीच नाही. विसरलेली तालीम लोकांना मग आठवली आणि शिकवलं होतं ते सगळं त्यांनी केलं. दारं लावली, ओली फडकी तोंडाला बांधली, शाळेत निघाले. शिकवलेलं नव्हतं ते एवढंच, की जनावरंही बरोबर घेतली. रस्त्यावर अकरा ट्रॅक्टर, दोनशे शेरडं आणि एक मंडपाचा टेम्पो अडकला. भोंगा झालाच नव्हता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एक म्हातारा ट्रॉलीवरून उतरताना मनगटावर पडला. बाकी कुणाला काही झालं नाही.

माळावर अणुभट्टी आपली शांत चालू होती. सगळे काटे जागेवर. तपासणीच्या बाईंनी ते स्वतः पाहिले आणि तरीही सकाळी सोडलेली वाफ बंद करायला सांगितली.

"मॅडम, दोष कुठंच नाही," उत्तरेश्वर म्हणाला.

"मला दिसतंय. पण माणसं घराबाहेर पडली आहेत. चाचणीच्या काळात माणसं हलली, की कारण लेखी आल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. धूर कशाचा, कोणी केला, कसा बाहेर गेला. ते लिहून आलं आणि मी तपासलं, तर आज दुपारी पुन्हा सुरू करता येईल. कारण अज्ञात राहिलं, तर समिती येते. समितीला दीड महिना लागतो."

दीड महिना म्हणजे दिवाळी उलटून जाते. तोवर टोळ्या कोल्हापूरच्या पुढं गेलेल्या असतात.

अर्जुनरावांनी शहादेवला बॉयलरघराच्या मागं घेतलं. "हे बघ, दिवा ठेवला होता. उंदरानं पाडला. आन् झडप..." त्यांनी छपराकडं पाहिलं. "झडप माकडानं वढली म्हणू. माकडं हायती इथं."

"माकडाला साखळी लोंबकळून वढता येईल का, आबा?"

"मंग वाऱ्यानं उघडली."

"वाऱ्यानं न्हाई उघडत ती."

"तुझं नाव गेलं तर परवाना जाईल, कळतंय का? बिनपरवान्याच्या बॉयलरात आग. तुला इथं पाय ठेवू द्यायचे न्हाईत." अर्जुनराव त्याला वाचवायलाच बघत होते, आणि थोडं स्वतःलाही. दोन्ही खरं होतं.

शहादेव म्हणाला, "छबीला बघून येतो. शाळेत आसंल."

*

शाळेच्या पटांगणात चारशे माणसं बसली होती. पंडित महाराज आधीच तिथं पोचले होते. काजळीनं धोतर काळं, घसा बसलेला. वीणा बरोबर नव्हती. ते शाळेच्या पायरीवर उभे होते.

"ऐका. धूर आपल्या जुन्या धुराड्याचा हाय. माळावरचा न्हाई. मी डोळ्यानं बघून आलोय. आता घराला जा."

"महाराज, तुमीच म्हणलं व्हतं," कडूबाई शेरडू मांडीत धरून बसली होती, "धूर न्हाई तर भ्या न्हाई. मंग आज धूर दिसला. तर मी काय समजू?"

महाराज एक पायरी खाली उतरले. "बरोबर समजलीस, माय. दृष्टांत माझा कच्चा व्हता. चूल सांगितली, भक्ती सांगितली, टाळ्या घेतल्या. पण ह्या कारखान्याला आणखी एक धुराडं हाय, ते सांगायचं राहिलं. ही माझी चूक. तुमची न्हाई." त्यांनी हात जोडले. मोठ्या लोकसमुदायाला ते रोज जोडतात तसे नाही, जरा खाली.

"राहू द्या, महाराज," कडूबाई म्हणाली. "दुध्या शेरडीला तेवढंच गाव बघायला घावलं."

लोक हसले आणि हळूहळू उठायला लागले.

छबुबाई हातपंपाजवळ फडकं पिळत होती. शहादेव तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"मीच केलं ते. चोथा घातला."

"गोणी दिसंना माळ्यावर, तवाच कळलं मला." तिनं फडकं झटकलं. "मग?"

"लिहून दिलं तर दुपारी वाफ चालू व्हती. माझा परवाना जातो. न्हाई लिहिलं तर समदे ट्रकात."

"अन् तुमी लिहिलं तर तुमी एकलेच ट्रकात."

"हं."

छबुबाईनं पंपाचा दांडा दोनदा हाणला, तोंडावर पाणी मारलं. "लिवा," ती म्हणाली. "पण म्या येणार न्हाई तोडीला. आधीच सांगते. मंग म्हणचाल, चल."

"नको येऊ."

"माझं नाव पहिल्या पाळीत हाय."

"म्हाईत हाय मला."

"मंग जावा की. बाई ताटकळली आसंल."

*

बॉयलरघरात नोंदवही असते. बॉयलर कधी पेटवला, किती दाब, कुणाच्या हातून. जुन्या बॉयलरची वही अजून खिळ्याला लटकत होती आणि शेवटची नोंद शहादेवच्याच अक्षरात होती. तिच्याखाली त्यानं तारीख घातली. सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. बगॅस दोन पाट्या, मी घातला. धूर उलटा आला म्हणून झडप मी उघडली. कुणी सांगितलं नव्हतं. मग सही आणि परवान्याचा नंबर.

बाईंनी वही वाचली. भट्टीत वाकून राख पाहिली, साखळी ओढून पाहिली. ती त्यांच्यानं काही हलली नाही.

"ही तुम्ही एकट्यानं उघडलीत?"

"व्हय."

"कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं?"

अर्जुनराव दारात उभे होते. ते म्हणाले, "अग्निप्रदीपन करा, असं मी सांगितलं होतं."

"दिवा सांगितला व्हता," शहादेव म्हणाला. "चोथा माझा."

बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि लिहायला बसल्या. बराच वेळ लिहीत होत्या. कारखान्याला ताकीद, चेअरमनना ताकीद, अटेंडंटचा परवाना एक वर्ष स्थगित. जुनं धुराडं आजच विटांनी बंद करायचं. वाफेकडं दुसरा परवानाधारक येईपर्यंत उत्तरेश्वर स्वतः थांबणार. आणि खाली, निराळ्या परिच्छेदात: कारण निश्चित झालं असून त्याचा अणुभट्टीशी संबंध नाही, चाचणी पुढे चालू करण्यास हरकत नाही.

"एक वर्षानं पुन्हा अर्ज करा," त्या म्हणाल्या. "मी असेन तर वाचेन."

दुपारी चार वाजता वाफ आली. पांढऱ्या नळाच्या सांध्यांतून कुठंही फुस्स झालं नाही. आठव्या माळेला बहात्तर तास भरले आणि सही झाली.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुग्रीवचा ट्रक फाट्यावर लागला. पन्नास कोयत्यांच्या जागी नऊ. बाकीचे आष्टी-शिरूरकडून गोळा करीत जायचं होतं.

"अर्धा कोयता," सुग्रीव शहादेवची वळकटी वर घेत म्हणाला. "तुझ्यासंगं मोळी बांधायला कोण देऊ? माझ्या सासूला बोलावू?"

"तिचं तोंड चालतं का हात?"

"दोन्ही. म्हणून तर म्हणायलोय."

छबुबाई डबा द्यायला आली होती. अंगात शेडचा निळा डगला, केस टोपीत बांधलेले. टोपीची तिला लाज वाटत होती आणि ती वरून पदर घेत होती. पाळीला अजून पाव तास होता.

"आज शेडात पहिल्यांदा वाफ सोडली की नळ ठोकल," शहादेव म्हणाला. "आत पाणी साचलेलं असतं. ठण् ठण् आवाज येईल. पळू नका. खालचा नळ थोडा सोडायचा, पाणी जाऊ द्यायचं, मग वरचा. उतावीळ करायची न्हाई."

"उत्तरेश्वर सांगंल."

"त्यो सांगंल. पण त्याच्या आधी ठोकल."

ट्रकनं आवाज केला. वरच्या माणसांनी शहादेवला हात देऊन ओढून घेतलं. छबुबाईनं डबा वर दिला.

"खालचा आधी," ती म्हणाली. "मग वरचा. आन् तिकडं कुणाच्याबी बॉयलरला हात लावू नका."

"न्हाई लावत."

"इथंसुदिक नुसता दिवाच लावायचा व्हता," सुग्रीव केबिनमधून म्हणाला, आणि गाडी निघाली. छबुबाई पाळीला उशीर नको म्हणून गेटकडे वळली.